टुब्बाताहाचा बुडालेला कडा

विद्यार्थ्यांनीं आशिया खंडाचा नकाशा पुढें घ्यावा आणि त्यांत फिलिपाईन बेटांचा समूह शोधून काढावा. त्या समूहाच्या पश्चिम अंगास पालावान नांवाचें एक लांबट, चिंचोळें बेट कट्यारीसारखें तिरपें पडलेलें दिसेल. त्याच्या पूर्वेस जो निळा भाग आहे तो सुलू समुद्र होय. या समुद्राच्या जवळ जवळ मध्यावर, पालावानांतील पुएर्तो प्रिन्सेसा या शहरापासून सुमारें १५० किलोमीटर आग्नेयेस, दोन ठिपके असावयास पाहिजेत. शाळेंतील नकाशांत ते बहुधा नसतात. आणि यांत नकाशा काढणाराचा फारसा दोषही नाहीं, कारण पाण्याच्या वर दिसेल असें त्या ठिकाणीं जवळ जवळ कांहींच नाहीं. वाळूचे दोन-चार पट्टे, त्यांवर दाटीनें बसलेले समुद्रपक्षी, एक दीपगृह आणि एक पहाऱ्याची चौकी, एवढाच काय तो तेथील मुलूख. गांव नाहीं, विहीर नाहीं, शेत नाहीं. या स्थळास टुब्बाताहा असें म्हणतात. सामा लोकांच्या भाषेंतील हें नांव असून, ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा लांबच लांब खडक असा त्याचा अर्थ आहे.

हा खडक म्हणजे कंकणाच्या आकाराचीं दोन प्रवाळद्वीपें होत. उत्तरेकडील कंकण सुमारें १६ किलोमीटर लांब आहे, दक्षिणेकडील त्याहून बरेंच लहान आहे, आणि दोहोंच्या मध्यें सुमारें ८ किलोमीटर रुंदीची खोल खाडी आहे. कंकणाच्या आंत उथळ सरोवर. बाहेरच्या कडेस मात्र प्रकार निराळा. तेथें पाण्याखालील सपाट जमीन कांहीं अंतरापर्यंत जाते आणि एकाएकीं संपते. तिच्या धारेवरून सुमारें १०० मीटर, म्हणजे सव्वातीनशें फूट, उभा कडा खालीं उतरतो, आणि त्याच्याही खालीं समुद्राचा तळ आणखी खोल जात राहतो. ज्यांनीं हरिश्चंद्रगडावरचा कोंकणकडा पाहिला असेल त्यांस या दृश्याची कल्पना करणें सोपें जाईल. भेद इतकाच, कीं सह्याद्रीचा कडा पृथ्वीच्या पोटांतील अग्निरसाचा झालेला काळा पाषाण आहे, आणि हा सुलू समुद्रांतील कडा तांदळाच्या दाण्याएवढ्या प्राण्यांनीं बांधलेला असून त्यांचें बांधकाम अद्याप चालू आहे.

हा कडा कसा झाला आणि मनुष्य त्यावर कसा उतरतो हें आम्ही पुढें सांगणार आहों. परंतु तो आजवर शाबूत कां राहिला, हा प्रश्न आम्हांस या दोहोंपेक्षां अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

पोंवळें म्हटलें कीं आपणांस सोनाराच्या दुकानांतील तांबडा मणी आठवतो. तो मणी ज्या प्राण्यापासून मिळतो तो या कडे रचणाऱ्या प्राण्यांचा दूरचा नातलग आहे, एवढेंच. आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकांतून यांस प्रवाळकीटक म्हणण्याचा प्रघात होता. पण हा कीटक नव्हे. सहा पाय, पंख, डोकें यांपैकीं त्यास कांहींच नाहीं. त्याचें शरीर म्हणजे एक मऊ पिशवी. पिशवीचें तोंड वर आणि त्या तोंडाभोंवतीं बारीक बाहूंचें वलय. रात्रीं हे बाहू पसरून तो पाण्यांतून वाहत जाणारे सूक्ष्म जीव पकडतो, आणि दिवसा बहुधा तें वलय आंत ओढून घेतो. पिशवीच्या बुडाशीं तो समुद्राच्या पाण्यांतील चुना वेगळा काढून त्याची एक वाटी घडवितो. एक पिढी संपली कीं तिच्या वाट्यांवर दुसरी पिढी आपल्या वाट्या रचते. अशा रीतीनें जिवंत भाग वरच्या वर साईसारखा पातळ राहतो, आणि त्याखालीं पूर्वजांच्या घरांचा दगड सांचत जातो. ज्यांच्या फांद्या फुटतात अशा जाति वर्षांत दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. जे घुमटासारखे गोल वाढतात त्यांची वाढ वर्षास सुमारें एक सेंटिमीटर. यावरून माणसाएवढ्या घुमटाचें वय काय असावें, याचा हिशेब विद्यार्थ्यांनींच करून पाहावा.

एवढ्या इमल्याचा खर्च हा इवलासा प्राणी कोठून भागवितो? त्याचें रहस्य असें आहे, कीं तो एकटा राहत नाहीं. त्याच्या अंगाच्या पेशींत एका जातीचें अतिसूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतें. तें सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें साखर तयार करितें आणि तिचा मोठा वांटा घरमालकास देतें. घरमालक त्यास आसरा आणि आपल्या शरीरांतून टाकलेलीं द्रव्यें खत म्हणून पुरवितो. पोंवळ्यांचे तपकिरी, हिरवट रंग बहुतेक या भाडेकरूचेच असतात. प्रकाशावांचून हा व्यवहार चालत नाहीं, म्हणून कडे रचणारीं पोंवळीं उथळ व स्वच्छ पाण्यांतच जोमानें वाढतात. नदीच्या मुखाशीं, गढूळ पाण्यांत, त्यांचा निभाव लागणें कठीण. टुब्बाताहाजवळ नदी नाहीं, कारण नदी वाहण्यास लागणारी जमीनच नाहीं, आणि त्यामुळें तेथील पाणी कांचेप्रमाणें निर्मळ असतें.

आतां कोणी चौकस मुलगा विचारील, कीं प्रकाश जर वरच्या थरांतच असतो, तर शेंकडों फूट खोल पोंवळ्यांचा दगड आला कोठून? हा प्रश्न शास्त्रज्ञांसही पडला होता. त्याचें उत्तर चार्लस डार्विन यानें १८४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, समुद्रांतील एखाद्या ज्वालामुखी बेटाच्या कांठानें प्रथम पोंवळीं वाढतात. पुढें तें बेट हळू हळू खचूं लागतें. पोंवळीं मात्र प्रकाश सुटूं नये म्हणून तितक्याच गतीनें वर वर बांधीत राहतात. शेवटीं डोंगर पाण्याखालीं नाहींसा होतो आणि त्याच्या कंबरेभोंवतीं असलेलें कडें तेवढें शिल्लक राहतें. या ग्रंथासाठीं डार्विननें ज्या सागरी नकाशांचा आधार घेतला त्यांत मालदीव आणि चागोस बेटांचे नकाशे प्रमुख होते, आणि ते काढणारा रॉबर्ट मोर्सबी हा मुंबईस ठाणें असलेल्या हिंदी आरमाराचा अधिकारी होता, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असावी अशी आहे. डार्विनच्या म्हणण्याची निर्णायक परीक्षा १९५२ सालीं झाली. पॅसिफिक महासागरांतील एनेवेटाक या प्रवाळद्वीपास भोंक पाडलें असतां बाराशें मीटरांहून अधिक जाडीचा चुनखडक लागला आणि त्याखालीं ज्वालामुखीचा काळा दगड मिळाला. टुब्बाताहाचीं कंकणेंही कागायान नांवाच्या बुडालेल्या ज्वालामुखी पर्वतरांगेच्या माथ्यावरच बसलेलीं आहेत.

कडा इतका उभा राहण्यास आणखीही कारणें आहेत. वरच्या धारेवर प्रकाश व लाटांनीं आणलेलें अन्न दोन्हीं भरपूर, म्हणून ती धार सज्जाप्रमाणें बाहेर वाढत जाते. शिवाय सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगांत, जगांतील पुष्कळसें पाणी बर्फाच्या रूपानें जमिनीवर अडकलें होतें, आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. आज जे प्रवाळकडे पाण्यांत आहेत ते त्या काळीं उघडे होते. पावसानें व लाटांनीं अशा खडकांत ज्या गुहा कोरल्या त्यांत आज मासे राहतात.

येथपर्यंत वर्णन झालें तें दोर टाकून, भोंक पाडून, तर्क करून मिळविलेल्या ज्ञानाचें. कड्यासमोर प्रत्यक्ष तरंगत राहून तो पाहणें मनुष्यास शक्य झालें तें अलीकडेच. मनारच्या आखातांत मोत्यांच्या शिंपा काढणारे पाणबुडे पिढ्यान् पिढ्या दगडाच्या भारानें तळाशीं जात, पण एका श्वासांत जें होईल तेवढेंच त्यांचें काम. पुढें तांब्याचें शिरस्त्राण आणि वरून हवा पुरविणारी नळी आली. तीं घालून मनुष्य तळावर चालूं शके, परंतु तो नळीला बांधलेला राही. १९४३ सालीं फ्रान्स देशांत झाक-ईव्ह कूस्तो हा आरमारी अधिकारी आणि एमील गान्यां हा यंत्रज्ञ या दोघांनीं ही बेडी तोडली. युद्धामुळें पेट्रोल मिळेनासें झालें होतें, आणि मोटारी दुसऱ्या वायूवर चालविण्यासाठीं गान्यांनें एक झडप तयार केली होती. तीच झडप सुधारून त्यांनीं पाठीवरील टांकीस बसविली. टांकींत दाबून भरलेली हवा असते. पाणबुड्यानें श्वास आंत घेतला कीं झडप उघडते, आणि त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा त्याच्या तोंडांत येते. या साधनास आतां सर्वत्र स्कूबा म्हणतात.

हवा त्याच दाबाची कां लागते, हें समजून घेतल्यावांचून या विद्येंतील धोका समजणार नाहीं. पृथ्वीवर आपल्या अंगावर वातावरणाचा जेवढा भार असतो, तेवढाच आणखी एक भार दर दहा मीटर पाण्यामागें वाढतो. तीस मीटर खोलीवर एकंदर दाब चौपट होतो. बॉइलचा नियम मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांस पाठ आहेच; त्या नियमाप्रमाणें तीस मीटरांवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर चौपट जागा मागेल. एखाद्यानें घाबरून श्वास कोंडून वर धांव घेतली तर त्याचें फुप्फुस फाटतें. म्हणून या विद्येचा पहिला धडा असा, कीं श्वास कधींही रोखूं नये. दुसरा परिणाम टांकीच्या हिशेबावर होतो. बारा लिटरच्या टांकींत दोनशें पट दाबानें भरलेली हवा म्हणजे सुमारें २,४०० लिटर. मिनिटास वीस लिटर लागतात असें धरलें तर ती जमिनीवर दोन तास पुरेल. तीस मीटरांवर ती अर्ध्या तासांत संपते, आणि परत येण्यास लागणारी हवाही त्यांतूनच राखून ठेवावयाची असते.

तिसरा धोका याहून फसवा आहे. हवेंत चार-पंचमांश नत्रवायु असतो. एरव्हीं तो निरुपद्रवी. पण दाबाखालीं तो रक्तांत व मांसांत विरघळतो. सोडावॉटरच्या बाटलीचें बूच एकदम काढलें असतां जसे बुडबुडे उसळतात, तसाच हा वायु घाईनें वर येणाऱ्या मनुष्याच्या अंगांत उसळतो. सांधे धरतात, कधीं पाय लुळे पडतात, कधीं प्राणही जातो. न्यूयॉर्क येथील ब्रुकलिन पुलाचा पाया दाबाच्या हवेंत खणतांना अनेक मजूर या व्याधीनें पछाडले, आणि १८७२ सालीं पुलाचा मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग हाही तिच्यामुळें जन्माचा अधू झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानें १८७८ सालीं या व्याधीचें कारण सिद्ध केलें, आणि १९०८ सालीं जे. एस. हॉल्डेन यानें बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें तयार केलीं. आजचा पाणबुड्या मिनिटास नऊ मीटर किंवा त्याहून कमी गतीनें वर येतो आणि शेवटीं पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबतो. मनगटावरील यंत्र त्यास सर्व सांगत असतें. तरी आपल्याच श्वासाच्या बारीक बुडबुड्यांच्या पुढें जाऊं नये, हा जुना ठोकताळा अजूनही नव्या शिष्यांस शिकविला जातो.

उभ्या कड्यावर या सर्व सावधगिरीची गरज दुप्पट असते. साध्या समुद्रांत तळ दिसतो आणि फार खालीं जाणें तो थांबवितो. येथें थांबविणारें कांहींच नाहीं. पाणी इतकें स्वच्छ असतें कीं वीस मीटर आणि चाळीस मीटर यांतील फरक डोळ्यांस कळत नाहीं. त्यांत खोलीबरोबर अंगावरील रबरी पोषाख दाबला जाऊन त्याची तरंगण्याची शक्ति कमी होते, आणि मनुष्य आपण होऊन अधिकच वेगानें खालीं जाऊं लागतो. शिवाय तीस मीटरांच्या पलीकडे नत्रवायूची एक प्रकारची धुंदी चढते. ज्यास चिंता वाटावयास पाहिजे त्यास नेमक्या त्या वेळीं सर्व कांहीं उत्तम आहे असें वाटूं लागतें. हौसेनें बुडणाऱ्यांसाठीं चाळीस मीटर ही मर्यादा घातलेली आहे, ती या कारणांसाठीं.

या मर्यादेंत राहून जें दिसतें तें कसें असतें, हें आतां सांगतों. टुब्बाताहास उतरण्याची जागा नसल्यामुळें प्रवासी पुएर्तो प्रिन्सेसाहून रात्रभर जहाजानें येतात आणि कित्येक दिवस जहाजावरच राहतात. सकाळीं लहान होडींतून धारेजवळ जाऊन ते पाठ करून पाण्यांत पडतात. प्रथम पायांखालीं पांच-सहा मीटरांवर उन्हानें झगमगणारी सपाट बाग लागते: सांबराच्या शिंगांसारखीं, ताटांसारखीं, कोबीच्या गड्ड्यासारखीं पोंवळीं, आणि त्यांवर भरडधान्य उधळावें तसे नारिंगी व जांभळे लहान मासे. मोठा मासा जवळ आला कीं ते सर्व एका क्षणांत फांद्यांत शिरतात आणि तो गेला कीं पुनः बाहेर पडतात. मग धार येते. पाणबुड्या तिच्यावरून पुढें होतो, आणि खालीं नुसती निळाई असते. प्रथम आलेल्या मनुष्याचें काळीज येथें एक ठोका चुकतें असें म्हणतात, कारण पडण्याची भीति उपजत आहे आणि आपण पडत नाहीं हें शरीरास कोणी सांगितलेलें नसतें.

कड्यासमोर खालीं उतरूं लागलें कीं रंग एक एक करून निघून जातात. पाणी प्रकाशांतील तांबडा भाग सर्वांत आधीं शोषून घेतें. नंतर नारिंगी, नंतर पिवळा. वीस-तीस मीटरांवर सर्व कांहीं निळसर करडें दिसतें; बोट कापलें तर रक्त हिरवट दिसतें. पण हातांतील विजेची बत्ती लावून कड्यावर धरली कीं जो भाग राखेसारखा वाटत होता तो कुंकवासारखा लाल होऊन उठतो. स्पंज, मऊ पोंवळीं, आणि जाळीदार समुद्री पंखे, ज्यांतील कित्येक माणसाच्या उंचीहून मोठे असतात, त्या अंधारांत हे रंग घेऊन बसलेले असतात. हे पंखे प्रवाहास आडवे वाढतात, म्हणजे कोळ्यानें ओढ्यांत जाळें आडवें लावावें तसेंच. त्यांस उन्हाची गरज नाहीं. प्रवाह त्यांच्या तोंडांत अन्न आणून देतो. वर उन्हावर जगणारे, खालीं प्रवाहावर जगणारे, अशी या कड्याची वस्ती एकावर एक आहे.

कड्याच्या कपारींत पंखांचीं टोंकें पांढरीं असलेल्या मुशी निजलेल्या असतात. मुशीला जगण्यासाठीं सतत पोहावें लागतें अशी समजूत आहे; ही जात त्यास अपवाद आहे, ती स्वस्थ पडून तोंडानें पाणी घेऊं शकते. बाहेर, निळ्या पाण्याच्या कडेला, करड्या रंगाच्या मोठ्या मुशी येरझारा घालतात. बॅराकुडा माशांचे शेंकडोंचे थवे भोंवऱ्याप्रमाणें फिरत असतात. कपाळावर टेंगूळ असलेला, माणसाएवढा नेपोलियन मासा हळूच येऊन पाहुण्याकडे एका डोळ्यानें पाहतो. कासवें येतात, आणि नशीब असलें तर मोठीं पाकटें व व्हेल जातीचा अजस्र मुशीही. आजवर येथें पोंवळ्यांच्या सुमारें ३६० आणि माशांच्या सुमारें ६०० जाति मोजल्या गेल्या आहेत. परंतु जाणकार पाणबुड्यास या संख्यांपेक्षां मोठ्या माशांची गर्दीच अधिक बोलकी वाटते. ज्या समुद्रांत माणसाचीं जाळीं पडलीं तेथें सर्वांत आधीं मोठे मासे नाहींसे होतात. त्यांचें असणें म्हणजे त्या पाण्याचें प्रशस्तिपत्र आहे.

हें प्रशस्तिपत्र पाहून पुष्कळ लोक म्हणतात, कीं मनुष्याचा स्पर्श न झालेला हा कडा आहे. आमच्या मतें हें खरें नाहीं, आणि खोटें आहे हेंच चांगलें आहे.

टुब्बाताहा ज्या कागायान्सिल्यो नांवाच्या द्वीपवस्तीच्या हद्दींत मोडतें, तेथील कोळी पूर्वापार उन्हाळ्यांत, समुद्र शांत असतां, शिडाच्या होड्यांनीं येथें येत व मासे वाळवून नेत. शिडाची होडी, हातांतील दोरी आणि वर्षाचे थोडे महिने, यांमुळें त्यांचा उपसा बेताचा होता. परंतु १९८० नंतरच्या काळांत इंजिनाच्या होड्या घेऊन दूरदूरचे लोक येऊं लागले, आणि त्यांच्याबरोबर सुरुंगाची दारू व सायनाईड हें विष आलें. पाण्यांत सुरुंग उडाला कीं माशांच्या पोटांतील हवेच्या पिशव्या फुटतात. थोडे मासे वर येतात, बाकीचे बुडून वायां जातात, आणि शेंकडों वर्षांचें पोंवळें एका क्षणांत खडीसारखें होतें. ही खडी प्रवाहाबरोबर सरकत राहते म्हणून तिजवर नवीं पोंवळीं रुजूं शकत नाहींत. तेथें जाणाऱ्या पाणबुड्यांनीं व पालावानच्या लोकांनीं ओरड केली. ११ ऑगस्ट १९८८ रोजीं राष्ट्राध्यक्षा कोराझोन आकिनो यांनीं हा भाग राष्ट्रीय सागरी उद्यान म्हणून जाहीर केला. १९९३ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. पण जाहीरनाम्यानें सुरुंग थांबत नाहींत. १९९५ पासून तेथें पहारेकरी राहूं लागले, आणि २०१० सालीं खास कायदा झाला. आज ९७,०३० हेक्टर क्षेत्रांत एक मासा, एक शिंपलाही उचलण्यास बंदी आहे.

म्हणजे ज्यास आपण अस्पर्श म्हणतों तो कडा जखमी होऊन गेलेला आहे. १९९८ सालीं समुद्र अतिशय तापला, तेव्हां पोंवळ्यांनीं आपले शेवाळाचे भाडेकरू बाहेर काढले आणि ठिकठिकाणीं तीं पांढरीं फटक पडून मेलीं. तोही आघात त्यानें सोसला. १७ जानेवारी २०१३ रोजीं अमेरिकेचें गार्डियन नांवाचें सुरुंग शोधणारें लढाऊ जहाज दक्षिण कंकणावर चढलें. त्याच्या नकाशांत खडकाची जागा चुकलेली होती. जहाज ओढून काढणें अशक्य ठरल्यानें तें तेथेंच तुकडे करून उचलावें लागलें, आणि २,३०० चौरस मीटरांहून अधिक प्रवाळभूमि चिरडली गेली. याचा दंड अमेरिकेनें पुढें भरला. त्याच वर्षीं एप्रिलांत एक चिनी मच्छीमार जहाज उत्तर कंकणावर रुतलें. त्याची झडती घेतां मासे निघाले नाहींत. सुमारें चारशें खोक्यांत भरलेलीं मेलेलीं खवलेमांजरें निघालीं. एका निर्जन खडकावर कोठकोठलीं पापें येऊन आदळतात, पाहा.

या घावांतून कडा पुनः भरून येत गेला, याचें मुख्य कारण असें कीं त्यास उसंत मिळाली. मोठे मासे शिल्लक होते, शेवाळ खाणारे मासे शिल्लक होते, आणि रिकाम्या झालेल्या जागीं नवीं पोंवळीं रुजण्यास कोणी आडवें आलें नाहीं. उष्णतेचा घाला मात्र कोणताही पहारेकरी अडवूं शकत नाहीं. २०२३ पासून जगभर समुद्र पुनः तापून पोंवळीं पांढरीं पडण्याची चौथी मोठी लाट आली, आणि तिला उद्यानाच्या सीमेची ओळख नसते.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कागायान्सिल्योच्या कोळ्याचें पिढीजात मासेमारीचें ठिकाण त्यास बंद झालें, आणि परदेशचा श्रीमंत प्रवासी मात्र पैसे भरून तेथें पोहतो. आमच्यासारख्या शिक्षकाच्या मिळकतींतही तो प्रवास बसावयाचा नाहीं. मग त्या कोळ्याची काय कथा? याचें एक उत्तर असें देतात कीं, प्रवाशांकडून घेतलेल्या शुल्काचा एक हिस्सा त्या वस्तीस मिळतो. दुसरें उत्तर समुद्राकडूनच येतें. माशांचीं व पोंवळ्यांचीं पिलें जन्मल्यावर कांहीं दिवस ते आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. टुब्बाताहा सुलू समुद्राच्या मध्यावर असल्यामुळें तेथील पिलें दूरच्या किनाऱ्यांवर पोंचून तेथील कोळ्यांच्या जाळ्यांत वाढ होते, असें शास्त्रज्ञ मानतात. आमच्या कोंकणांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रांत न लोटण्याची चाल आहे, आणि देवराईंतील काटकीही न मोडण्याचा नेम कित्येक गांवांनीं पाळला आहे; तेव्हां राखून ठेवलेल्या जागेचा लाभ बाहेर होतो, ही कल्पना आपणांस परकी नाहीं. तरीपण देवराई राखणारा गांव आपण होऊन राखतो, आणि टुब्बाताहाचा निर्णय प्रथम राजधानींत झाला, हा फरक आहेच. पुढें त्या वस्तीच्या प्रतिनिधींस उद्यानाच्या कारभारांत जागा दिली गेली आणि तेथील माणसें पहाऱ्यावर घेतलीं गेलीं. हें झालें नसतें तर आमच्या मतें उद्यान टिकलें नसतें.

आपल्या किनाऱ्याजवळही असा एक प्रदेश आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें अँग्रिया बँक हें बुडालेलें पठार आहे. त्याचा कोणताही भाग पाण्याबाहेर येत नाहीं, म्हणून तेथें चौकी बांधण्यासही जागा नाहीं. पण त्याच्या माथ्यावर जिवंत पोंवळीं आहेत. मालवणास समुद्रतळ पाहण्यास जाणाऱ्या हौशी लोकांपैकीं फारच थोड्यांस त्याची माहिती असते.

टुब्बाताहाच्या चौकींत आरमार, किनारा-रक्षक दल, उद्यान आणि कागायान्सिल्यो यांकडील मिळून थोडेसे लोक दोन-तीन महिन्यांच्या पाळीनें राहतात. चोहोंकडे पाणी असून पिण्याचें पाणी मोजून वापरावें लागतें. त्यांचें काम रडारचा पडदा पाहणें, अनोळखी होडी दिसली कीं तिच्या मागें जाणें, पक्षी व कासवें मोजणें. पकडलेले लोक पुष्कळदां बटणांच्या व शिंपकामाच्या व्यापारासाठीं शंख गोळा करणारे गरीब कोळीच असतात. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत समुद्र शांत असतो, आणि तेवढे तीन महिनेच पाणबुड्यांचीं जहाजें येतात. जूननंतर वारा फिरतो, शेवटचें जहाज पुएर्तो प्रिन्सेसास परत जातें, आणि पुढील मार्चपर्यंत त्या कड्याच्या माथ्यावरून जाणारी होडी बहुधा फक्त पहारेकऱ्यांचीच असते.